चिमणीची चाळिसावी जागा

चिमणी हे नाव तिला थोरल्या नणंदेनं ठेवलं, तेही लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच आठवड्यात. नणंद दारात उभी राहिली की दार भरून जायचं, आणि तिच्यामागे भावजय उभी असली तर ती तिथे आहे हे कुणाला कळायचंही नाही. "आई, आपल्या धाकट्यानं बायको आणलीय की चिमणी?" असं नणंदेनं भर जेवणात विचारलं, सगळे हसले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिनं केस कापायचं दुकान काढलं तेव्हा गिऱ्हाइकंही "चिमणीकडे जाऊन येतो" म्हणायला लागली. तिला त्याचा राग नव्हता. राग धरायला जी उसंत लागते ती तिच्याकडे कधी नव्हतीच. दोन खुर्च्यांचं दुकान, दिवसभर उभं राहणं, संध्याकाळी केर काढून कात्र्या पुसून ठेवणं, आणि मग घर.

नणंद पोहण्याच्या तलावावर शिक्षिका होती. तलावाच्या या टोकाला तिनं दम दिला की त्या टोकाची पोरं सरळ पाय मारायला लागत. ती कित्येक वर्षं विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारायची. भावजयीला ती सारखी म्हणायची, "एकदा चल. एकदा उडी मार आणि मग जन्मभर नाही म्हण." चाळिशी ओलांडल्यावर चिमणी एकदाची गेली. खाली उतरली, चेहऱ्यावर आलेले केस मागे सारले आणि विचारलं, "वन्सं, परत कधी यायचं?"

त्यानंतर सुट्टीचा दिवस म्हणजे उडीचा दिवस, असं ठरूनच गेलं. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो मित्रांना सांगायचा, "लोकांना लांबचं नीट दिसावं म्हणून मी झटतो, आणि माझी बायको मला लांबूनच दिसते." सासूबाईंना मात्र यात हसण्यासारखं काही वाटत नसे. "एक लेक आभाळात पाठवली तेवढं पुरे नव्हतं का? आता सूनही," असं म्हणून त्या आत निघून जात.

आभाळात एक गोष्ट लपत नाही, आणि ती म्हणजे वजन. जाड माणूस भरभर खाली जातो, बारीक माणूस मागे राहतो. म्हणून नणंदेचा उडीचा पोशाख ढगळ, हातांखाली जादा कापड लावलेला, वारा अडावा म्हणून. आणि चिमणीचा पोशाख अंगाला घट्ट, वर कमरेला शिशाच्या तुकड्यांचा पट्टा. "फरक एवढाच," नणंद म्हणायची, "की तुझं वजन तुला रात्री खुंटीला अडकवून ठेवता येतं."

मोठ्या रचनेचं शिबिर हे दोघींचंही स्वप्न होतं. अशा शिबिरात एकेकट्यानं उडी मारायची नसते. तीन विमानं शेजारी शेजारी उडतात, त्यांतून चाळीस माणसं बाहेर पडतात, आणि पॅराशूट उघडण्याआधीच्या मिनिटभरात, पोटावर पडत असताना, एकमेकांचे हातपाय धरून एक मोठं फूल तयार करतात. एक जरी माणूस राहिला तरी ते फूल अपुरं. नणंदेला तिथे आधीच मान होता. मागच्या वर्षी चिमणीनं अर्ज केला तेव्हा मात्र "अजून थोडा सराव करा" असं उत्तर आलं होतं. या वर्षी तिला घेतलं.

शिबिराचे मोठे सर उंच, किडकिडीत आणि फार हळू बोलणारे होते. त्यांचं ऐकायला सगळ्यांना पुढे सरकावं लागे. विमानांच्या शेडमध्ये जमिनीवर खडूनं आकृती काढलेली होती. चाकं लावलेल्या फळ्यांवर पालथं पडून सगळ्यांनी आपापल्या जागेवर सरकत जायचं, पकड घ्यायची, सोडायची, परत पहिल्यापासून. चाळीस मोठी माणसं लहान पोरांसारखी जमिनीवर सरपटत होती आणि कुणी हसत नव्हतं.

"धावत येऊन धरायला कुणालाही जमतं," सर म्हणाले. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. इथे आपण थांबायला शिकतो. जागेच्या जवळ या, थांबा, पुढच्याची पकड होऊ द्या, मग तुमचा हात."

नणंद मधल्या गटात होती. फुलाचा पायाच तो, सगळे त्याच्याभोवती जमणार. चिमणीची जागा अगदी कडेला, चाळिसावी. तिसऱ्या विमानातून सगळ्यात शेवटी बाहेर पडायचं, डोकं खाली करून सूर मारायचा, बाकीच्यांना गाठायचं, वेळेवर वेग कमी करायचा आणि पुढच्या माणसाचा डावा पाय धरायचा. पुढचा माणूस म्हणजे एक सुतार होता, गप्प स्वभावाचा. ओळख करून देताना त्यानं फक्त आपला डावा पाय पुढे केला आणि म्हणाला, "हा तुमचा."

पहिल्या उडीत तिनं वेग फार लवकर कमी केला आणि ती वरच राहिली. खाली सगळी माणसं जमत होती आणि ही वर तरंगत होती, मांडवाच्या छपरावर बसून लग्न बघावं तशी. कितीही अंग आवळलं तरी खाली जाईना. दुसऱ्या उडीत तिनं ठरवलं, काही झालं तरी वर राहायचं नाही. ती दगडासारखी आली आणि सुताराच्या पायावर आदळली. त्या धक्क्याची लाट फुलातून सरसरत गेली आणि एक अख्खी बाजू सुटली.

खाली उतरल्यावर, कॅमेरा घेऊन सोबत उडी मारणाऱ्यानं काढलेली चित्रफीत सगळ्यांनी खोलीत मिळून पाहिली. सरांनी तो धक्का एकदाच दाखवला. मग म्हणाले, "चाळीस नंबर, पुढची उडी तुम्ही जमिनीवरून बघा."

तिच्या जागी राखीव माणूस गेला आणि त्यानं काम चोख केलं. त्या फुलाच्या दुसऱ्याच बाजूला दोन जागा रिकाम्या राहिल्या ही गोष्ट वेगळी. चिमणी मैदानाच्या कडेला मान वर करून उभी होती. जेवायला ती नणंदेशेजारी बसली.

"मी घरी जाते, वन्सं," ती म्हणाली. "माझ्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा नको. तो राखीव माणूस चांगला आहे."

नणंदेनं तिची समजूत वगैरे काढली नाही. तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "येताना बघत कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? सुताराच्या पायाकडे."

"मग झालं तर. पोरं तलावाच्या कडेकडे बघत पोहतात तेव्हा कडेवरच आपटतात. पायाकडे कशाला बघायचं? मधोमध बघ, पलीकडे. मी आहे ना तिथे. मला न बघणं आजवर कुणाला जमलेलं नाही."

चिमणीला हसू आलं, दिवसभरात पहिल्यांदा.

"आणि शिसं वाढव," नणंद म्हणाली. "कमी पडतंय ते. लाजतेस कशाला?"

जेवण अर्धवट टाकून चिमणी उठली आणि सरांच्या टेबलापाशी गेली. ती उभी आणि ते बसलेले, तरी दोघांचे डोळे सारख्याच उंचीवर होते. "मला अजून दोन तुकडे शिसं हवंय," ती म्हणाली. "आणि उद्या सकाळची एक उडी. ती बिघडली तर मी स्वतः बाजूला होईन, तुम्हाला सांगावं लागणार नाही."

सरांनी विचारलं, "कुठे बघणार?"

"मधोमध."

"या सकाळी."

सकाळी ती तिसऱ्या विमानातून शेवटची बाहेर पडली. सूर मारताना तिनं नजर पायावरून काढली आणि पार पलीकडे लावली. नणंदेचा पिवळा ढगळ पोशाख फडफडत होता, तिथे. आणि काय गंमत, सगळं एकदम हळू झालं. कोण वर, कोण खाली, आपण किती दूर, हे न मोजता कळायला लागलं. तिनं हात पसरले, वेग मोडला आणि आपल्या जागेशेजारी येऊन थांबली. अगदी बरोबर उंचीवर. मग तिनं हात पुढे केला.

तिथे पाय नव्हता. सुतार घसरून फुलाच्या खाली गेला होता. खाली गेलेल्या माणसाला वर येणं फार कठीण. तो धडपडत होता, पण येत नव्हता. चिमणीपासून हातभर अंतरावर दुसऱ्याचा पाय होता. तो धरला असता तर निदान आपण फुलात आहोत असं झालं असतं. पण ती जागा तिची नव्हती. तिनं हात तसाच पुढे ठेवला आणि थांबून राहिली. उंची सांगणारं कानातलं यंत्र वाजलं, कडेच्या माणसांनी सुटायची वेळ झाली, तेव्हा तीही वळली, दूर गेली आणि पॅराशूट उघडलं. रिकाम्या हातानं खाली आली.

चित्रफीत लागली तेव्हा ती सगळ्यात मागे उभी होती. सरांनी एका ठिकाणी चित्र थांबवलं. फुलाच्या कडेला एक छोटी आकृती, हात पुढे केलेला, आणि हातापुढे नुसती हवा.

"हे नीट बघा," सर म्हणाले. "एकोणचाळीसची जागा रिकामी आहे. चाळीसची भरलेली आहे."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. चिमणीला कुठे बघावं ते कळेना. नणंद मात्र सगळ्यांकडे असं बघत होती, जणू तो हात तिचाच होता.

सुतार बाहेर येऊन तिच्यापाशी उभा राहिला. "माझ्यामुळे तुमची उडी गेली," तो म्हणाला.

"आजवरची माझी सगळ्यात चांगली उडी तीच होती," चिमणी म्हणाली. "आणि तुमचे केस डोळ्यांवर येतात. बसा इथे."

कात्री तिच्या पिशवीत असायचीच. शेडच्या पायरीवर बसवून तिनं त्याचे केस कापले. बघता बघता मागे आणखी चौघं रांगेत येऊन बसले, त्यात विमान चालवणाराही होता. पंचाईत एवढीच झाली की मोठे सरही आले. सर बसले तरी उंचच, म्हणून त्यांना पायरीवरून उठवून सरळ जमिनीवर बसवावं लागलं.

शेवटच्या दिवशी सकाळपासून ढग होते. दुपारपर्यंत चाळीस जणं पोशाख चढवून, पाठीवर पॅराशूट बांधून बसून होती. तिसऱ्या प्रहरी ढग फाटले आणि सर उठून म्हणाले, "एकच उडी मिळेल. चला."

विमानात चिमणी सगळ्यात आत, पाठ टेकून बसली होती. सुतार तिच्या पुढे. वर चढताना त्यानं वळून न पाहता डावा पाय जरासा हलवला. दार उघडलं. गार वारा आत घुसला. शेजारची विमानं इतकी जवळ की दारात उभ्या माणसांचे चेहरे दिसत होते. मग सगळे गेले, धाड धाड धाड, आणि त्यांच्यामागून ती.

तिनं सूर मारला. खाली फूल जमायला लागलं होतं, आधी मुठीएवढं, मग परातीएवढं, मग अंगणाएवढं. पिवळा ठिपका मधोमध. तिनं नजर तिथे रोवली. माणसं एकामागून एक आत जात होती, कुणाची घाई नाही, कुणाचा धक्का नाही. ती आपल्या जागेशेजारी येऊन थांबली. सुतार तिच्यापुढे आला, थांबला, पुढच्याला धरलं. त्याचा डावा पाय तिच्यासमोर स्थिर झाला.

तिनं तो धरला. एखाद्या लहान मुलाचे केस विंचरावे इतक्या हलक्या हातानं.

आणि पलीकडे तिला नणंदेचा चेहरा दिसला. गाल वाऱ्यानं फडफडत होते, डोळे तिच्यावर होते, आणि ती हसत होती. चाळीस माणसं एकमेकांना धरून खाली जात होती, आणि तरी असं वाटत होतं की सगळी जागच्या जागी आहेत, हलते आहे ती जमीन. तिच्या छातीतून हसू फुटलं ते वाऱ्यानं ओढून नेलं. कानात यंत्र वाजलं. सोडवत नव्हतं, पण तिनं वेळेवर सोडलं.

पॅराशूट उघडल्यावर एकदम शांतता झाली. आभाळभर रंगीत छत्र्या. आणि त्या शांततेत लांबून, तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचणारा तो आवाज आला, "चिमणे, धरलंस गं." चिमणीनं तेवढ्याच जोरात ओरडून उत्तर दिलं. इतका मोठा आवाज आपल्याजवळ आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

खोलीत कुणी बसलं नाही. चित्रफितीवर सरांनी एकेक पकड बोटानं मोजली, मधून कडेपर्यंत. शेवटच्या छोट्या आकृतीवर त्यांचं बोट थांबलं. "पूर्ण," ते म्हणाले, नेहमीच्याच हळू आवाजात, आणि यावेळी कुणाला पुढे सरकावं लागलं नाही. मग जो कल्ला झाला, त्यात सुतारानं चिमणीला उचललं, नणंदेनं दोघांना उचललं, आणि सरांचा चष्मा कुणाच्या तरी कोपराखाली गेला. "त्याची काळजी नको," चिमणी म्हणाली, "ते आमच्या घरचंच काम आहे."

घरी पोहोचल्यावर नवऱ्यानं चित्रफीत मोठ्या पडद्यावर लावली. सासूबाई आधी नकोच म्हणत होत्या, मग दारात उभ्या राहिल्या, मग खुर्ची ओढून पुढे बसल्या. "ही माझी लेक," त्यांनी पिवळा ठिपका ओळखला. "आणि ती कुठे आहे?"

नवऱ्यानं कडेला बोट दाखवलं. सासूबाईंनी चष्मा पुसला, परत लावला, तो भाग पुन्हा लावायला सांगितला, आणि परत एकदा.

"ही धरेपर्यंत सगळे थांबलेत का हिच्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

"मग बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेला जवळ बोलावून शेजारी बसवलं आणि शेजारणींना हाका मारायला मुलाला बाहेर पाठवलं. त्या संध्याकाळी ती चित्रफीत अकरा बायकांनी पाहिली, आणि प्रत्येकीला कुठे बघायचं ते सासूबाईंनीच बोट ठेवून दाखवलं. चिमणी मात्र तोवर खुर्चीतच गाढ झोपली होती, अंगावर शिशाचा पट्टा तसाच.