बाकड्यावरचे मतदार

सांगा बघू, भरवसा कुणावर ठेवायचा? पेपरवर, पुढाऱ्यावर, की रांगेत आपल्या पुढं उभ्या असलेल्या माणसावर? निपाणीत माझं भांड्यांचं दुकान आहे. दारात एक बाकडं. निवडणूक आली की त्यावर गिऱ्हाइकांपेक्षा मतदारच जास्त बसतात, आणि किस्से घागरींसारखे एकावर एक चढत जातात.

आमचे आप्पा रिटायर्ड हेडमास्तर. मतदाराची आधी परीक्षा घ्यावी, नापासाला मत नको, असं ठासून सांगतात. मागच्या खेपेला स्वतः भर उन्हात रांगेत उभे राहिले आणि आत गेल्यावर कळलं, यादीत नावच नाही! त्यांचं बूथ पलीकडच्या गल्लीत होतं. पण आपली जुनी शाळा दिसली की पाय तिकडंच वळतात, त्याला काय करायचं?

सदलग्याचे काका मराठीत मत मागणाऱ्याशी कन्नडात बोलतात, कन्नडवाल्याशी मराठीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "अडल्यावर माणूस कसा वागतोय, ते बघायचं असतंय."

भरमूदादांचा जन्म तंबाखूच्या व्यापारात गेला. तिथं भाव ठरायचा टॉवेलाखाली, एकमेकांची बोटं दाबून. मत कुणाला दिलं, असं बायकोनं विचारलं, तर दादांनी खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातावर टाकला आणि खालून बोट दाबलं.

"कळलं?"

"न्हाय."

"मग बरोबर हाय."

यंदा बाकड्यावरचाच बाळूअण्णा नगरसेवकाला उभा राहिला. वॉर्डात पाणी टँकरचं. घरोघर नळ आणतो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. समोर एक बाई, कागद पुढं सरकेपर्यंत ऑफिसातनं न उठणारी. अण्णा पडला, तरी 'घरची मतं तरी पडली' म्हणत गावभर फिरला.

निकालानंतरच्या रविवारी त्याच्या थोरल्या बहिणीनं, शांताक्कानं, त्याला जेवायला बोलावलं. सोबत मीही होतो. भाकरी वाढता वाढता आक्का म्हणाली, "बाळू, मी तुला मत दिलं न्हाय."



"टँकर आला की सगळ्यांस्नी पुढं सोडतोस आणि रिकामी घागर घिऊन घरी येतोस. भाऊ म्हणून लई चांगला हाईस रं. पण मला नळ पाहिजे."

अण्णानं भाकरीचा तुकडा मोडला. मग हळूच म्हणाला, "आक्का, मीबी त्या बाईलाच दिलं."

आक्कानं त्याच्या भाकरीवर तुपाची धार सोडली.

"मग 'घरची मतं तरी पडली' म्हणत गावभर फिरू नको. हिशेब खरा सांग."