गुलजारबीची बकरी

चिंतामण खैरनार सरांनी अठ्ठावीस वर्षं आठवी-नववीला मराठी शिकवलं आणि अठ्ठावीस वर्षं शाळेच्या नावाने बोटं मोडली. शाळेत नाही, घरी. शाळेत ते गुणी मास्तर होते. वेळेवर यायचे, वह्या तपासून परत द्यायचे, निवडणुकीच्या कामात नाव आलं तरी तोंड वाकडं करायचे नाहीत. घरी चहाचा कप हातात आला की मात्र सुरू. "लता, आज परत ऑफ तास माथी मारला. गोष्ट लिहीन म्हणून वही नेली होती, कोरी परत आली." लताबाई ऐकून घ्यायच्या. सटाण्याकडच्या माणसाला तक्रार केल्याशिवाय चहा गोड लागत नाही असं त्यांचं मत होतं, आणि त्या स्वतः सटाण्याच्याच असल्यामुळे त्यांना तसं म्हणायचा अधिकार होता.

ऑफ तास म्हणजे एखादे शिक्षक आले नाहीत की त्यांच्या वर्गावर मोकळ्या शिक्षकाला बसवायचं. शाळा नाशकात द्वारकेच्या चौकाजवळ, मुलं रिक्षावाल्यांची, गॅरेजवाल्यांची, फळांच्या गाड्या लावणाऱ्यांची. साठ पोरांना गप्प बसवायचं तर काहीतरी सांगावं लागतं, म्हणून सर डोक्यात घोळणारी गोष्ट सांगायचे. दप्तरांच्या चेनी वाजायला लागल्या की सर तो भाग उरकून टाकायचे. मागच्या बाकावरचा तबला थांबला की तिथे रेंगाळायचे. रविवारी तीच गोष्ट कागदावर उतरायची आणि एखाद्या दिवाळी अंकात छापून यायची. अशा चाळीसेक गोष्टी झाल्या. तरी सरांच्या हिशेबी ऑफ तास म्हणजे वाया गेलेला वेळ. माणूस स्वतःच्या बाबतीत किती आंधळा असू शकतो त्याचं हे नमुनेदार उदाहरण.

त्रेपन्नाव्या वर्षी त्यांना कादंबरी लिहायची हुक्की आली. हुक्की तरी कसं म्हणावं, आयुष्यभराची इच्छा होती. पुण्याच्या एका प्रकाशनाच्या संपादक स्वानंदीताईंनी पहिली वीस पानं वाचून "सर, पूर्ण करा, आम्ही छापू" असं कळवलं, आणि सरांनी जूनपासून वर्षभराची बिनपगारी रजा टाकली. घराच्या गॅलरीला काचा लावून घेतल्या. सुताराकडून टेबल करून घेतलं. लताबाईंनी पाहुण्यांना "ते लिहिताहेत" असं कुजबुजत सांगून परत पाठवायला सुरुवात केली. शाळेत निरोप समारंभ झाला नाही, पण सगळ्यांना कळलं होतं की खैरनार सर आता मोठं काही करणार.

कादंबरी गुलजारबीची होती. मालेगावात चाळीस वर्षं यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरून हात झिजलेली बाई. नवरा गेलेला, मुलगा नाशकात, आणि त्याचा सहा महिन्यांत फोन नाही. एक दिवस ती घराला कुलूप लावून त्याला शोधायला निघते. निघते म्हणजे, निघायला हवी होती. फेब्रुवारी संपला तरी ती पिशवी घेऊन दारातच उभी होती. सरांनी तो प्रसंग अकरा वेळा लिहिला. कुलपाचा गंज, पायरीवरची चीर, गल्लीतला मागांचा खडखडाट, सगळं सुरेख उतरलं, आणि बाई जागची हलेना. स्वानंदीताई फोनवर म्हणायच्या, "सर, अजिबात घाई नाही हं." घाई करणारा संपादक परवडला; घाई नाही म्हणणाऱ्याची सरांना धडकी भरायची.

शेवटी त्यांनी दोष शोधून काढला. दोष शाळेचा! जूनमध्ये परत जायचंय ही टांगती तलवार आहे, म्हणून लेखणी चालत नाही. शाळेचं दार कायमचं बंद केलं की गुलजारबी आपोआप चालायला लागेल. त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप करून आणला. तीन महिने आधी द्यावा लागतो, म्हणून मार्चच्या पहिल्याच सोमवारी अर्ज चौघडी करून खिशात घातला. लताबाई एवढंच म्हणाल्या, "आणि नाही चालली ती, तर मग कुणाला नावं ठेवाल?" सरांनी चपला घातल्या आणि जिना उतरले.

अर्ज द्यायला येतोय असं फोनवर कळवलं होतं, तरी शाळेत मुख्याध्यापिकाबाई मीटिंगमध्ये होत्या. बाहेर शिपाई अक्काबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"सर, देवासारखे आले तुम्ही. आठवी ब लय गोंधळ घालू राहिले. जरा बसता का तिथं? मॅडमला टाइम हे अजून."

सर रजेवर होते. नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण पाय सवयीने वळले. वर्गात खडू उडत होते. सरांनी टेबलावर हात टेकले आणि तोंडातून निघून गेलं, "मालेगावात एक बाई होती."

वर्गात पानंच्या पानं पायरीच्या चिरेवर घालवता येत नाहीत. गुलजारबी सकाळी उठली, बकरीला पाला घातला, भाकरी बांधून घेतली. शेजारच्या जैनबशी नऊ वर्षं बोलणं बंद, म्हणून तिला काही सांगितलं नाही. कुलूप लावलं आणि थेट बसस्टँडवर आली. वर्ग शांत झाला होता. नऊ महिन्यांत पहिल्यांदा ती बाई दारातून निघाली होती.

तिसऱ्या बाकावरच्या इन्शाने हात वर केला. "सर, बकरीचं काय केलं?"

"कुठली बकरी?"

सगळा वर्ग हसला. "अहो सर, तुम्हीच पाला घातला ना तिला!"

मग एकेक सुरू झाले. आत कोंडली तर मरेल. बसमध्ये घेणार नाहीत. शेजारी बांधली असेल. "शेजारणीशी तर भांडण आहे ना," इन्शा म्हणाली. "पण तिच्याशिवाय आहे कोण?" आणि साठ तोंडं सरांकडे बघत राहिली.

अकराच्या अकरा खर्ड्यांत पहिल्या पानावर ती बकरी होती. दुसऱ्या पानापासून नव्हती. काचेच्या गॅलरीत सरांना कुणी विचारलंच नव्हतं. गुलजारबी दारातून हलत नव्हती ती शाळेमुळे नाही. जित्राब मागे टाकून ती जाणार कशी? आधी तिला बकरीचा दोर धरून जैनबच्या दारात उभं राहायला हवं होतं. नऊ वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलेल ती? सरांना ते वाक्य ऐकू आलं, त्याच्या मागोमाग जैनबचं उत्तरही. ते सुटू नये म्हणून त्यांनी खिशात हात घातला. एकच कागद होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर ते घंटा होईपर्यंत लिहीत राहिले, आणि आठवी ब, देव तिचं भलं करो, गप्प बसून राहिली.

"सर, या ना," मीटिंग संपवून आलेल्या मॅडम म्हणाल्या. "अर्ज देणार होतात ना?"

"आणला होता, मॅडम. खराब झाला."

"मग उद्या दुसरा आणा."

"नको. जूनला हजर होतो." सर दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि ऑफ तास असतील तर मला देत जा."

मॅडमनी चष्मा काढला. ऑफ तास मागून घेणारा शिक्षक त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला होता.

चौकातून घरी चालत जाताना सरांना लाज वाटली आणि लाजेहून कितीतरी जास्त कृतज्ञता वाटली. आपण ज्यांच्यापासून वेळ चोरायला धडपडलो, त्या पोरांनी आपल्याला अठ्ठावीस वर्षं फुकट ऐकलं. जिथे खोटं होतं तिथे चेनी वाजवल्या. एवढं कुणी कुणासाठी करत नाही. घरी चहा घेताना त्यांनी काहीच तक्रार केली नाही, तेव्हा लताबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

कादंबरी दिवाळीपर्यंत पुरी झाली, बरीचशी ऑफ तासांत सांगून. जानेवारीत पुस्तक आलं. पहिली प्रत सरांनी नववीत गेलेल्या इन्शाला दिली. आठवड्याने ती शिक्षकखोलीच्या दारात पुस्तक घेऊन उभी राहिली.

"सर, मी नानीला वाचून दाखवलं. ती मालेगावचीच, कांड्याच भरायची. वाचता येत नाही तिला."

"मग? आवडलं?"

"दोघी दारात बोलतात ते तीनदा वाचायला लावलं. रडली. पण म्हणाली, 'सर को बोल, बकरी पराये घर में ऐसी चुप नहीं बैठती. तीन दिन चिल्लाती.' तुमची तर लगेच झोपली."

सर हसले, आणि हसता हसता त्यांना चष्मा पुसावा लागला. इन्शाने पुस्तक पुढे केलं.

"अगं, परत कशाला देतेस? ते तुझंच आहे."

"माहितीये सर," ती म्हणाली. "दुरुस्त करून द्या."

सरांनी वह्यांच्या गठ्ठ्यावरचा लाल पेन उचलला, खुर्चीत बसले आणि ते पान उघडलं.