रजनीचा ठेका

माझी सून रजनी बाभुळगावच्या कचेरीत कारकून आहे. वय सत्तेचाळीस. आवाज असा, की गाण्याच्या नादात भाजी लागली तरी घरात कोणी बोलत नाही. पण दिवाळी झाली अन् आमच्या भजनी मंडळाच्या विमलताईंनी सगळ्या बायांसमोर तिले सांगून टाकलं, "आवाज चांगला आहे रजनी तुझा, पण तू ठेक्याच्या पुढं पळते. उमरखेडच्या स्पर्धेत पुढं कोण गाईल ते महिन्यानं ठरवू. तोवर ठेका धर, नाहीतर मागं बसून टाळ वाजव."

रजनी घरी आली अन् दोन दिवस गुणगुणलीसुद्धा नाही. दोन्ही दिवस भाजी एकदम चांगली झाली, पण कोणाच्या घशाखाली उतरली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं एक छोटा माईक मागवला अन् कपड्याच्या कपाटात टांगला. "साड्यांमध्ये आवाज घुमत नाही, आई," म्हणे. मोबाईलवर नुसते ढोलकीचे ठेके फुकट मिळतात. ते कानात लावायचे, वर आपण गायचं, मग रेकॉर्ड ऐकून चूक शोधायची, असा तिचा बेत.

ठेके शोधण्यात आठ दिवस गेले. एक निघाला वरातीचा. एकात कोणी परदेशी माणूस पिंपं बडवून राह्यला होता. एक बरा होता, तर त्यात घडीघडी एक बाप्या आपल्या कंपनीचं नाव सांगे. शेवटी एक साधा, सरळ मिळाला. रजनी त्यावर गायली अन् आम्ही दोघींनी ऐकलं. पहिलं कडवं छान. तिसऱ्यात बाई धावत सुटली.

"मागं कुत्रं लागलं होतं का वं?" मी म्हटलं.

"आई, तुम्ही तरी नका ना."

पंधरा दिवस उरले होते.

तिच्या कचेरीतला शिपाई गुलाबसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. होळीले डफ वाजवतो. रजनी त्याले म्हणाली, दहा मिनिटं नुसता ठेका द्या, मी रेकॉर्ड करून घेते. रविवारी तो अन् त्याची बायको धनीबाई डफ घेऊन आले. डफ उन्हात तापवला, चहा झाला, माईक समोर ठेवला. वाजवलेलं ऐकलं तर तिसऱ्या मिनिटाले गुलाबसिंगही धावत होता. दुसऱ्यांदा वाजवलं, तेच.

"मॅडम, तीस वर्षं वाजवून राह्यलो, असं कधी झालं नाही." बिचारा घामाघूम.

धनीबाई उंबऱ्यावर बसून हसत होती. "गाणं नाही तं याचा हात आवरन कोण? आम्ही बाया गातो, ओळ संपली की दम घेतो. हा आमचा दम पाहून वाजवते."

मग धनीबाईले मागच्या खोलीत बसवलं. तिथून ती फोनवर गायली, गाणं गुलाबसिंगच्या कानात, अन् माईकमध्ये फक्त डफ. आता डफ असा चालला, जसा ओळखीच्या वाटेनं बैल. ओळ संपे तिथं हलका होई, पण थांबत नसे.

रजनीनं तो ठेका कानात घातला, दोन ओळी गायली अन् माझ्याकडं पाहत राह्यली. "आई, मी दमच घेत नव्हती. श्वास घेतला तर ठेका निघून जाईल, म्हणून भीत होती."

उरलेले सगळे दिवस ती त्या डफावर कपाटात तोंड घालून गायली. यज्ञेश्वर, म्हणजे माझा मुलगा, खुर्चीवर पडलेलेच शर्ट घालून फिरला.

निवडीच्या दिवशी ढोलकीवर मंडळातली हंसाबाई होती. ती कोणाची गय करत नाही. तिसऱ्या कडव्याले तिनं मुद्दाम ठेका वाढवला. माझ्या हातातला पदर पिळून गेला. रजनीनं ओळ संपवली, निवांत श्वास घेतला अन् पुढच्या ओळीत बरोबर ठेक्यावर उतरली. मग चौथं कडवं, पाचवं. कुठंच पळाली नाही. हंसाबाईच मान डोलवायले लागली.

विमलताईंनी चष्मा काढून पुसला. "कोणत्या क्लासले जात होती तू?"

"कपाटात," रजनी म्हणाली.

बाया इतक्या हसल्या की विमलताईंनाही हसावं लागलं. "उमरखेडले पुढं तूच बसशील," त्या म्हणाल्या. "अन् आम्हा दोघीतिघींचंही जमव त्या कपाटात."

रजनी घटाघटा पाणी प्यायली अन् हंसाबाईकडं वळली. "मावशी, आणखी एकदा घ्या. आता मले मजेत गाऊ द्या."