मावशीच्या बाजूचा ब्रेक

माझी मावशी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूल म्हणजे पेट्रोल पंपामागची एक खोली, कुरकुरणारा पंखा आणि एक छोटी पांढरी गाडी. या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आहे आणि मावशीचा सगळा जीव त्या ब्रेकमध्ये. दुसऱ्या कुणाच्या गाडीत ती पुढे बसतच नाही, कारण तिथे तो नसतो. माझ्या बाबांच्या गाडीत ती मागे बसते, डोळे घट्ट मिटून, आणि उतरल्यावर बाबांच्या चुका सांगते. मिटल्या डोळ्यांनी तिला त्या दिसतात कशा, हे बाबांना अजून उमगलेलं नाही.

मावशीने लग्न केलं नाही. आई म्हणते, जमलं नाही. मावशी म्हणते, केलं नाही. यावरून दोघींची अधूनमधून जुंपते.

गेल्या वर्षी, तिशी उलटल्यावर, मी एकदाची गाडी शिकायला लागले. एका सकाळी माझ्याच तासाला एक गृहस्थ आले. साठीला टेकलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि दारातच घुटमळत उभे. मावशीने वर बघितलं आणि तिच्या हातातला चहा बशीत सांडला.

"लायसन्स आहे," ते म्हणाले, "पण सवय मोडलीय. शिकवशील?"

"वेळेवर यावं लागेल," मावशी म्हणाली. "तुला ते जमत नाही."

ते गेल्यावर मी तिला सोडते थोडीच!

"कॉलेजातला," ती म्हणाली. "लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही अख्खा संसार मांडला होता. पडद्यांचा रंगसुद्धा ठरला होता. फक्त घरी सांगायचं बाकी होतं. मी सांगितलं आणि बोलणी खाल्ली. याने तोंडच उघडलं नाही. वडिलांनी दाखवलेल्या मुलीशी मुकाट लग्न केलं. ती बिचारी आता नाही, आणि हा रिटायर होऊन परत आलाय."

"राग येतो अजून?"

"यायचा. रडलेही खूप. आता बघायचंय, याला काय हवंय."

मग आमचे तास सुरू झाले. मी मागच्या सीटवर माझ्या नंबराची वाट बघत बसायची आणि पुढचं नाटक फुकटात बघायची. गृहस्थ बरे चालवायचे, पण चौकाच्या वळणावर गाडी हमखास बंद पाडायचे. मावशी शांतपणे म्हणायची, "पुन्हा."

"किती ठोंब्या आहे गं हा," एकदा ते गेल्यावर मी म्हणाले.

"ठोंब्या कसला. उत्तम येते त्याला गाडी. नवशिका गिअर बघून टाकतो, हा एकदाही खाली बघत नाही. मुद्दाम बंद पाडतो."

"मग सांग ना त्याला."

"मी का सांगू? मागच्या वेळी माझं बोलून झालं होतं. शेवटच्या तासापर्यंत थांबेन. बोलला तर ठीक, नाहीतर नमस्कार."

हे ऐकल्यापासून माझाच जीव टांगणीला लागला.

शेवटच्या तासाला वळणावर गाडी बंद पडली. मागून हॉर्न वाजले. मावशीने 'पुन्हा' म्हटलं नाही. "झालं तुझं शिकून," ती म्हणाली. "उद्यापासून यायला नको." मला त्यांना मागून ढोसावंसं वाटत होतं. पंपावर येऊन ते उतरले, मान खाली घालून रस्त्यापर्यंत गेले. मावशी चाव्या खिळ्याला अडकवत होती.

तेवढ्यात ते परत आले.

"मला गाडी येते," ते म्हणाले. "कित्येक वर्षं चालवतोय. पहिल्या दिवशीच सांगणार होतो, मग रोज म्हटलं उद्या सांगू. तेव्हाही असंच केलं. तेव्हा बाबांची भीती वाटायची, आता तुझी वाटते. मला तू हवी होतीस. अजूनही हवी आहेस."

मावशी त्यांच्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते.

"गाडी कुठेय तुझी?" तिने विचारलं.

"मागच्या गल्लीत. रोज तिथेच लपवून लावतो."

मावशीने खोलीला कुलूप घातलं. मी निघाले त्यांच्यामागे, मला कोण अडवणार! गल्लीत त्यांची राखाडी गाडी उभी होती. मी सवयीने मावशीसाठी मागचं दार उघडलं. तिने ते लावलं आणि पुढे बसली.

गाडी हलली तसा तिचा पाय जोरात खाली गेला. तिथे नुसतं पायपुसणं होतं. तिने पायाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"हळू चालव," ती म्हणाली. "मला घाई नाही."