मास्तरांचा उपास

पोलादपूरच्या मोटारीचा ड्रायव्हर महाडला आमच्या दारात उभ्या उभ्या म्हणाला, "ताई, मास्तर गेले. शेठनी कळवायला सांगितलंय." मला खरंच वाटेना. शिमग्याला माहेरी गेले होते तेव्हा सायमनमास्तर पोलादपूरला आमच्या दुकानात बसून शेठशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, दादांशी, हुज्जत घालत होते. त्याला अजून दोन महिनेही झाले नाहीत...

मिशनने त्यांना शाळा काढायला पाठवलं होतं. शाळा बंद पडली, मास्तर राहिले. हिवतापाच्या दिवसांत कोयनेलच्या गोळ्या घेऊन ते दारोदार फिरत. ज्यांनी त्यांच्या अंगणात शेण फेकलं होतं, त्यांच्याही घरी जात. गाव गोळ्या घेई आणि हा आता कधी बाटवतो याची वाट बघत बसे. दादांनी तर तोंडावर विचारलं होतं, "मास्तर, या गोळीत येशू नाही ना?"

"येशू एवढा कडू नाही, शेठ."

पुढे आईला विषमज्वर झाला. भाऊबंद उंबऱ्याबाहेरूनच चौकशी करून जात. मास्तरांनी मात्र तिची घाण झालेली अंथरुणं सावित्री नदीवर नेऊन धुतली. आई वाचली तेव्हा दादा म्हणाले, "आता सांगा, काय हवं तुम्हाला?" मास्तर म्हणाले, "काही नको. प्रभूनं माझ्यावर प्रेम केलं ते माझी लायकी बघून नव्हे. मग मी तुमची कशाला बघू?" त्या दिवसापासून दोघांचं मैत्र जुळलं.

ईस्टरच्या आधी मास्तर उपास धरत, दिवेलागणीला एकदाच जेवत. यंदा त्यांचं दार बंद दिसलं, संध्याकाळीही चुलीचा धूर दिसेना. दादांना वाटलं, शेवटचा आठवडा म्हणून व्रत कडक केलंय. एकेकाळी बाटण्याला भ्यालेले दादा आता त्या व्रताचे राखणदार झाले. समोरची भागीबाई भाकरी घेऊन निघाली, तर तिलाही अडवलं. मास्तर आत तापाने फणफणत होते. शेवटी भागीबाईला राहवेना आणि ती दार ढकलून आत गेली, पण तोवर फार उशीर झाला होता.

तिच्या पोटात काही राहत नाही. दादांसमोरच रडत म्हणाली, "पानी पाजलं मी. तर म्हनाले, मी आजारी होतो ह्ये शेठला सांगू नको गो, जिवाला लावून घेतील. मला काय गप बसवलं नाय..."

मला दादांचा राग येत नाही, कीव येते. त्यांनी धर्माचा मान राखला, पण आतल्या माणसाची विचारपूस राहून गेली.

हल्ली दुकान उघडण्याआधी दादा आळीतलं एकेक दार वाजवतात आणि विचारतात, "बरं आहे ना सगळं?" परवा मी सोबत होते. मागे एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "शेठला काय हवं असंल गो?" दादांनी ते ऐकलं. मग पुढच्या दाराची कडी वाजवली.