कासरवणे, घर नंबर सतरा

दशरथ परबांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. लिफ्टला भितात, म्हणून अंधेरीच्या आमच्या ऑफिसचे चार मजले पायऱ्यांनी चढतात. कुत्र्याला भितात, रक्ताच्या रिपोर्टला भितात. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो वाजून थांबेपर्यंत नुसते बघत बसतात. त्यांची बायको, सुलक्षणावहिनी, म्हणते, "ह्यांची सावली मागून आली तरी हे बाजूला होऊन तिला वाट देतील." सेटवर त्यांना सगळे भागूबाई म्हणायचे. मीही म्हटलंय. आता आठवलं की जीभ झडावी असं वाटतं.

मी मालिका लिहिते. राहते बोरिवलीला, आणि आमचं शूटिंग चालतं एमआयडीसीतल्या एका जुन्या गोदामात. त्या गोदामात एक अख्खं कोकणातलं गाव उभं आहे. थर्माकोलचा चिरा, प्लास्टिकचे माड, आणि त्या गावावरची सगळी अक्षरं दशरथदादांच्या हातची. ग्रामपंचायतीचा फलक, शाळेवरचा सुविचार, एसटी थांब्याची पाटी, रेशन दुकानाची वेळ. आधी ते चारकोप-मालाडकडे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला आणि त्यांच्या धंद्याला घरघर लागली. मग कुणाच्या तरी ओळखीनं मालिकांच्या सेटवर आले. त्यांचा 'श' बघायला आमचा कॅमेरामन मुद्दाम थांबायचा, एवढा तो देखणा.

आमच्या गावाला नाव हवं होतं. मालिका भुताखेतांची. गावात एक चेटकीण असते, ती लेकरं खाते, अशी माझी उदात्त कथा. चॅनेलचा नियम असा की अशा गावाचं नाव कुठल्याही खऱ्या गावाचं असता कामा नये. मी सुचवलेली सात नावं आमच्या कार्यकारी निर्मात्यानं, हर्षदनं, नकाशात शोधली आणि सातही कुठे ना कुठे निघाली. हा महाराष्ट्र आहे, इथे नाव सुचायच्या आधी तिथे ग्रामपंचायत बसलेली असते.

दशरथदादा खाली बसून ब्रश धूत होते. ते म्हणाले, "मॅडम, कासरवणे घाला. ते गाव आता नाही. धरणात गेलं."

ते त्यांचं गाव. नऊ वर्षांचे असताना वडील त्यांना मुंबईला घेऊन आले, गिरणीत लागले आणि भाऊबंदकीत असे दुखावले की पुन्हा गावाकडे फिरकले नाहीत. पुढे धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं. दशरथदादांच्या लेखी विषय संपला. नकाशात बघितलं तर खरंच नुसतं निळं पाणी. हर्षद म्हणाला, "झकास! पाण्याखालून कोण केस करायला येतंय?"

मग दादांना जो हुरूप आला! त्या पंधरा दिवसांत मी त्यांना एकदाही घाबरलेलं पाहिलं नाही. शाळेची पाटी त्यांनी होती तशी केली. देवळाची केली. चहाच्या वेळी मला गावाच्या गोष्टी सांगायचे. वाडीच्या टोकाला एक सुंदराकाकी राहायची, म्हणे. नवरा नाही, मूल नाही. कुणाचं पोर रडायचं थांबलं नाही की आया तिच्याकडे न्यायच्या, ती अंगारा लावायची. दादांची आई आजारी होती त्या वर्षी दादा तिच्याच घरी जेवायचे.

एकटी बाई, वाडीचं टोक, अंगारा. लिहिणाऱ्याला आणखी काय लागतं? मी तिची चेटकीण केली. आणि दादांनी प्रेमानं त्या घराच्या दारावर, लहानपणी पाहिलं होतं तसं, पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: घर नंबर १७, सुंदराबाई गावकर.

"खरं नाव लिहिलंत?" मी विचारलं होतं.

"मॅडम, ती मी लहान होतो तेव्हाच म्हातारी होती. आता कुठली असायला?"

नऊ वर्षांच्या पोराला तिशीतली बाईही म्हातारीच दिसते. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

मालिका चालली. चांगलीच चालली. श्रेयनामावलीत 'नामफलक: दशरथ परब' अशी ओळ यायची आणि चारकोपची त्यांची सगळी चाळ ती बघायला बसायची.

साठाव्या भागानंतरच्या एका मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत दादांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. एकदा वाजून थांबला, दुसऱ्यांदा थांबला. तिसऱ्यांदा मीच वैतागून म्हटलं, "उचला हो, काय वाघ आहे त्यात?" आणि स्पीकरचं बटण दाबलं.

"दशरथ परब तुमीच काय? मी नितेश गावकर बोलतंय. कासरवण्यासून."

दादांचा घास हातातच राहिला. "कासरवणे बुडालं ना?"

"गाव बुडला, माणसा बुडूक नाय. वरच्या माळावर वसवलानी आमका. वीस वर्सा नुसतो नंबर होतो, वसाहत नंबर तीन. अर्ज करून करून गेल्या वर्सा नाव परत गावला." आवाज तरुण होता आणि चिडलेला नव्हता. त्याचीच जास्त भीती वाटली. "आणि तुमी सुंदराकाकीचा नाव दारार लिवलास. सतरा नंबर आमच्यातल्याच माणसाक ठावक. म्हणान तुमका शोधलंय."

"काकी आहे?" दादा इतकंच म्हणाले.

काकी होती. त्र्याऐंशी वर्षांची, वसाहतीच्या टोकाला, एकटी. नितेशनं पुढचं सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. शेजारच्या गावातली पोरं गाड्या घेऊन येतात, चेटकिणीचं घर कुठलं विचारतात, दारासमोर उभं राहून व्हिडिओ काढतात. कुणीतरी कौलांवर दगड मारले. दूध घालणारी बाई यायची थांबली. आणि गेल्या आठवड्यात वाडीतल्या एका पोराला ताप भरला, तो उतरेना. त्याच्या बापानं चारचौघांत म्हटलं, हिला इथून काढा, नाहीतर मी काढतो.

"तुमचा ता काय आसा ता थांबवा," नितेश म्हणाला. "माका रोज हय बसूक जमाचा नाय, माजी नोकरी गोव्याक."

फोन बंद झाला. दादांनी डबा तसाच मिटला. मला एक गोष्ट माहीत होती जी त्यांना माहीत नव्हती. रविवारच्या महाएपिसोडमध्ये गावकरी चेटकिणीचं घर पेटवतात. मीच लिहिलं होतं. पेटवणाऱ्यांचा पुढारी कोण, तर तापानं मेलेल्या पोराचा बाप. टाळ्या पडाव्यात म्हणून त्याच्या तोंडी मी चांगली दोन मिनिटांची वाक्यं घातली होती.

मी दादांना ते सांगितलं. त्यांनी डबा तिथेच ठेवला आणि उठले.

आम्ही हर्षदकडे गेलो. तो वाईट माणूस नाही, पण त्याचा प्रोमो सुरू झाला होता. दर अर्ध्या तासानं टीव्हीवर एक खर्जातला आवाज गरजत होता: 'या रविवारी, दुपारी एक वाजता, कासरवणे पेटणार!'

"रेवती, यार, आता कुठे बदलू? चॅनेल मला पेटवेल," तो म्हणाला. "डिस्क्लेमर चालवतो ना आपण, सर्व काल्पनिक आहे म्हणून."

"ते कोण वाचतं रे?"

"पुढच्या आठवड्यापासून नाव बदलू. शप्पथ."

"सर, पुढच्या आठवड्यात काय बदलणार?" दादा म्हणाले. "रविवारीच त्या बाईला जाळतील." हर्षदशी ते पहिल्यांदाच इतकं सलग बोलले असतील. हर्षदनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाला, "दादा, तुम्ही फार घाबरता."

मी तिथल्या पोलीस ठाण्याला फोन केला. लेखी तक्रार पाठवा, म्हणाले. पाठवली. नोकरी सोडते, असं मी हर्षदला म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मला भीती वाटली, माझ्या जागी दुसरी लेखिका दोन दिवसांत मिळेल याची. दादांना भित्रा म्हणणारी मी ही अशी.

गुरुवारी आगीचा सीन होता. सकाळी सेटवर गेले तर आरडाओरडा चाललेला. दादांनी सगळ्यांच्या आधी येऊन पांढऱ्या रंगाचा डबा घेतला होता आणि दारावरचं नाव, नंबर, वेशीवरची पाटी, शाळा, देऊळ, सगळं पुसून टाकलं होतं. हातावर, शर्टावर, चष्म्यावर रंग. "दादा, कंटिन्यूइटीची वाट लावलीत! कालपर्यंत पाट्या होत्या, आज गायब?" हर्षद ओरडत होता. दादा मान खाली घालून उभे होते, पण ब्रश खाली ठेवत नव्हते.

मला वाटलं, झालं, वाचलो. पण हर्षदनं जुन्या भागांतले फोटो फ्लेक्सवाल्याला पाठवले. तासाभरात तीच अक्षरं छापून आली, दादांच्या त्या 'श'सकट. दारावर, वेशीवर, शाळेवर चिकटवली. दोन वाजता आग लागली आणि शॉट पहिल्याच टेकला ओके झाला.

दादांनी मला एवढंच सांगितलं, "मी जातो."

त्यांच्याबरोबर मी जायला हवं होतं. गेले नाही. तीच भीती, दुसरं काय. सुलक्षणावहिनीनं जायच्या आधी मला फोन केला, रडत होती. "ते कधी एकटे बोरिवलीच्या पुढे गेले नाहीत हो. आणि आता म्हणतात, जो कोण येईल त्याला आधी मला ओलांडावं लागेल." शनिवारी रात्रीच्या गाडीनं दादा कणकवलीला उतरले. तिथून एसटी. रविवारी साडेबाराला वसाहतीत पोचले.

पाऊण वाजता त्यांचा मला फोन आला. "मॅडम, फोन बंद करू नका. चालू ठेवा. मी काही बोलणार नाही, पण तुम्ही असा."

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि मोबाइल कानाशी धरला. पडद्यावर माझं कासरवणे, कानात त्यांचं. कोंबड्यांचा आवाज आला. मग दार वाजवल्याचा.

"काकी, मी दशरथ."

त्यांनी पुन्हा कडी वाजवली.

"परबांचो दशरथ, काकी. तुझ्याकडे जेवूक येय."

पन्नास वर्षांत मराठी कितीही मुंबईची झाली तरी दारात उभं राहिल्यावर ती आपोआप घरची झाली. आतून बारीक, सुकलेला आवाज आला.

"दशरथ मुंबयक आसा. तेचा नाव घेवन फसवू नको."

"काकी, मीच तो."

"काल एक जण आयलो. म्हणालो, मी नितेश. दार उघडलंय तर तोंडासमोर फोन धरल्यान. हसत होते सगळे." थोडं थांबून ती म्हणाली, "मी कोणाचा काय केलंय नाय."

दादांनी पुन्हा हाक मारली नाही. पायरीवर बसल्याचा आवाज आला. दीड वाजला, दोन वाजले. माझ्या टीव्हीवर लोक मशाली घेऊन निघाले. आणि त्याच वेळी फोनमध्ये पावलं वाजली. एक नव्हे, पाच-सहा माणसं. मी मूर्खासारखी टीव्हीसमोर उभी राहिले, जणू तिथून काही अडवता येणार होतं.

"कोण तुमी?" कुणीतरी दरडावलं.

"दशरथ परब. ह्याच गावचो." मग एक श्वास, आणि मग ते भराभर बोलत सुटले. "टीव्हीत नाव मी घातलंय. दारार नंबर मी लिवलंय. ही बाय कोण ता तुमका ठावक आसा. तुमच्या पोरांक अंगारो हिनाच लावलो. टीव्हीतला सगळा खोटा आसा, माका विचारा, मी थंय काम करतंय. ती भिंत पण थर्माकोलाची. राग आसात तर माका मारा."

दादांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता, धावून आल्यासारखा. मग कुणीतरी शिवी घातली, कुणीतरी "चल रे, चल" म्हटलं. एक दगड कशावर तरी आपटला. मी किंचाळले. "लागला नाही," दादा फोनमध्ये पुटपुटले. पावलं लांब गेली.

माझ्या पडद्यावर घर कोसळलं आणि नावं वर सरकू लागली. तीन वाजले होते.

"गेले, काकी," दादा दाराला म्हणाले. "आता कोण येवचो नाय. मी हयच आसंय."

आत काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं कडी काढली. पण ती पेटी असावी, किंवा पाट, तिनं दाराला आतून आणखी काहीतरी लावलं होतं.

"आता तू पण जा, बाबा," ती म्हणाली. "माका तुझी भीती वाटता."