चार नंबरच्या टेबलावरचं स्टॉपवॉच

१. सिस्टर फिलोमिना मंगळवारी सकाळी गेल्या.
२. त्यांचा शनिवारचा सायन्स प्रोग्रॅम मॅनेजमेंटने आपणहून बंद केला नव्हता. एकतीस पालकांच्या सह्यांचं तक्रारपत्र गेलं होतं.
३. ते पत्र मी लिहिलं होतं.
४. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. हे कारण म्हणून नाही, नोंद म्हणून.

बॅचच्या ग्रुपवर परवापासून चाललंय, "मॅनेजमेंटने सिस्टरना फार छळलं."
त्याखाली मीही हात जोडलेला इमोजी टाकला. म्हणून ही पोस्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.
चिंचवडला आमचं कॉन्व्हेंटचं ज्युनिअर कॉलेज होतं. बाकीच्या कॉलेजांत तेव्हा मुलं दिवसभर क्लासला असायची. प्रॅक्टिकलची जर्नल्स एकमेकांची बघून भरायची आणि सह्या व्हायच्या.
आमच्याकडे शनिवारी तीन तास लॅब. कंपल्सरी. सिस्टर स्वतः उभ्या.

त्या मूळच्या श्रीरामपूरकडच्या. शिकवायच्या इंग्लिशमध्ये, रागवायच्या गावाकडच्या मराठीत.

अकरावीत पेंडुलमचा प्रयोग होता. गुरुत्वाकर्षणाचं त्वरण काढायचं. पुस्तकातलं उत्तर ९.८१.
चार नंबरच्या टेबलावर मी आणि वैशाली. तिचे बाबा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे. मी वर्गात पहिली, ती कशीबशी पास होणारी.

आमचं उत्तर आलं १०.६.
"चुकलंय. खोड ते," मी म्हटलं.
"तीनदा मोजलं की. आलंय ते आलंय."
"मग तू तुझं लिही, मी माझं लिहिते."

मी घरी जाऊन उत्तरावरून उलटी रीडिंग्ज काढली. सगळे बिंदू एका सरळ रेषेत. सुंदर ग्राफ.

पुढच्या शनिवारी जर्नल परत मिळालं. वैशालीला दहापैकी दहा. मला शून्य.

सिस्टरनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, पेंडुलम तुझ्या मामाकडं कामाला हाय व्हय? तू सांगशील तसा हलतोय."
वर्ग हसला.
मग त्यांनी आमच्या टेबलावरचं स्टॉपवॉच उचललं. ते मिनिटाला अडीच सेकंद मागे पडायचं. त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं.
"या घड्याळानं ९.८१ येतच नाही. तुझं उत्तर बरोबर आहे. रीडिंग खोटं आहे."

शून्य मी सहन केलं असतं. वैशालीचे दहा सहन झाले नाहीत.

त्याच आठवड्यात मी पत्राचा मसुदा केला. शनिवारचे किती तास जातात, एन्ट्रन्सच्या किती टेस्ट बुडतात, सगळं टेबलमध्ये. आणि एक मुद्दा: "सदोष उपकरणे देऊन विद्यार्थ्यांना शून्य गुण दिले जातात."
पत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्याच घड्याळावर एका मुलीला दहापैकी दहा मिळाले, एवढंच मी गाळलं.

पहिली सही माझ्या बाबांची. बाकीच्या प्राधिकरण भागातल्या एन्ट्रन्सच्या क्लासबाहेर, मुलांना न्यायला आलेल्या पालकांकडून घेतल्या. वैशालीच्या बाबांना विचारलंच नाही.

जूनमध्ये प्रोग्रॅम बंद झाला. सिस्टरना लायब्ररीत बसवलं.

बारावीनंतर दाखला न्यायला गेले तेव्हा त्या पुस्तकांना कव्हर घालत होत्या.
"मॅनेजमेंटच्या फादरनी मला ते पत्र दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. "मुद्देसूद आहे. टेबलला हेडिंग, प्रत्येक कॉलमला युनिट. माझ्याच एखाद्या पोरीनं लिहिलेलं दिसतंय. कुणी गं?"
"माहीत नाही, सिस्टर."
त्यांनी सेलोटेप तोडली.
"बरं. 'माहीत नाही' हेसुद्धा रीडिंग असतंय. खरं असलं तर."

मला त्यांनी निकालाच्या पेढ्याचा अर्धा तुकडा दिला. मी तो खाल्ला.
पुन्हा कधी गेले नाही. नऊ वर्षं.

आता मी निघोजेजवळ एका प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. मोजणं हेच काम. ट्रेनीने दहाही पार्टचं माप सारखंच लिहून आणलं की मी म्हणते, "उत्तर बरोबर आहे, रीडिंग खोटं आहे." पोरं म्हणतात, मॅडमचा डायलॉग भारी आहे.
तो कुणाचा आहे, हे मी एकदाही सांगितलेलं नाही.

बुधवारी चर्चमध्ये त्यांच्या अंत्यविधीला मी शेवटच्या बाकावर होते. वैशाली पुढे होती. तिच्या हातात तिचं ते अकरावीचं जर्नल होतं.
बाहेर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं.
तिने जर्नल पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या दहा मार्कांमुळेच काहीतरी होऊन लॅब बंद पडली."
हे ओझं तिच्यावर इतकी वर्षं होतं, हे मला माहीत नव्हतं. हे मात्र खरं.

कॉलेजला नवीन पत्र लिहिलंय. त्यात गाळलेलं वाक्य आहे, वैशालीचे मार्क आहेत, माझं पूर्ण नाव आहे. आम्ही जुनी तक्रार मागे घेतो आणि शनिवारची लॅब पुन्हा सुरू करा, एवढीच मागणी. शिकवायला माणूस नसेल तर शनिवारी मी येईन.

सिस्टर, तुम्ही विचारलं होतं, कुणी लिहिलं. मी. उत्तर द्यायला उशीर झाला.

ज्यांच्या आईवडिलांची त्या पत्रावर सही होती, त्यांनी घरी विचारून येत्या रविवारी संध्याकाळपर्यंत मला कळवावं: नवीन पत्रावर त्यांचं नाव घालू की नको.
'नको' असेल तर 'नको' लिहा. रकाना मोकळा सोडू नका.